कुंपणाबाहेर अकरा पावलं

माझा नकाशा कुंपणापाशी संपतो.
माइमूची विहीर त्यापुढे अकरा पावलांवर.

सकाळी लेफ्टनंट कारेलनं सगळा तळ दाखवला:
पिवळी पिंपं, त्यांवर ताज्या चिठ्ठ्या,
तेल टिपायच्या भुकटीची न फोडलेली पोती,
टाक्यांना दुहेरी तळ, नोंदवही, तारखा, सह्या.
मी खुणा करत गेले. पूर्तता. पूर्तता. पूर्तता.
खोट काढायला जागा नव्हती,
खरं सांगायचं तर हौसही नव्हती.
मुलगा नीटनेटका,
बुटांना चिखल लागू नये म्हणून
बर्चच्या मुळांवरून उड्या मारत चालणारा.
"खालचं आमचं नाही," तो म्हणाला,
"ते आधीच्यांचं."
आधीचे गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

आधीच्यांना महिन्याची उड्डाणं भरून दाखवायची असत.
हवा वाईट, सुटे भाग नाहीत, वैमानिक झिंगलेले;
मग रात्री टाकीची तोटी सोडायची
पाइनच्या झाडांत.
वहीत विमान आकाशात,
इंधन मातीत.
त्यांचीही नोंदवही चोख होती म्हणे.

माइमू फाटकाशी उभी होती, हातात काकडीच्या लोणच्याची बरणी.
आत लोणचं नव्हतं.
पाणी, आणि पाण्यावर बोटभर पिवळसर थर.
"हेइनोनं काढलेलं, शेवटचं.
फोटो घेऊ नकोस, नीट येत नाही."

त्या हिवाळ्यात दुकानात मेणबत्तीसुद्धा मिळत नव्हती.
हेइनो विहिरीवर जायचा,
पोहरा वर आला की डावानं
वरचं वरचं अलगद काढायचा,
साय काढावी तसं,
आणि कंदिलात भरायचा. मोपेडमध्येही.
शेजारी बादल्या घेऊन यायचे.
पाणी कुठून आणायचं, ही वेगळी काळजी.
"आमच्या लेकीनं त्याच उजेडात पाढे पाठ केले.
टार्टूत असते आता. पूल बांधते."
"आणि हेइनो?"
"मूत्रपिंडं," ती म्हणाली,
एखाद्या स्टेशनचं नाव सांगावं तसं.

तिनं कॉफी ठेवली.
बावीस वर्षं मी घरोघरी सांगत आले, पिऊ नका,
पण समोर कप आला की
नाही म्हणायचं मला अजून जमत नाही.
अर्धा कप पोटात गेल्यावर ती म्हणाली,
"घाबरू नकोस गं, पाणी दुकानातलं आहे,"
आणि इतकी हसली
की कवळी सावरावी लागली.

मग मी नळी सोडली. नऊ मीटर.
गार, नितळ पाणी, दिसायला कुणाचंही.
बाटली भरली, चिठ्ठी लावली, बर्फाच्या पेटीत ठेवली.
टालिनची प्रयोगशाळा बहुधा म्हणेल: मर्यादेच्या आत.
मी त्यावर विश्वास ठेवीन. आकडे मला आवडतात,
ते कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत.
पण झाकण फिरवता फिरवता
नाकाला काहीतरी लागलं, आणि गेलं.

जुन्या फॉर्मवर एक रकाना होता: वास, आहे किंवा नाही.
नव्या आवृत्तीत तो गाळला,
तपासनीसांची नाकं सारखी नसतात म्हणून.
त्या बैठकीत मीही हात वर केला होता.

गाडीच्या टपावर कागद ठेवून समासात लिहिलं:
विहीर. कुंपणाबाहेर, अकरा पावलं.
पावलं माझी, रबरी बुटांतली.
वास: आहे.
कारेलनं सही करताना विचारलं,
"समासातलं धरतात का?"
"माहीत नाही," मी म्हणाले. हेही खरंच.

निघताना ती बरणी मागितली,
नमुना म्हणून, पावती देऊन.
माइमूनं ती पोटाशी धरली.
"नाही बाई," म्हणाली,
"वीज जाते कधी कधी."